जोडधंदा कोणता करू? आधी हातातला वेळ मोजा

"ताई, घरबसल्या करण्यासारखं काहीतरी सांगा ना." महिन्यातून दोन-तीनदा तरी मला हे कोणी ना कोणी विचारतं. विचारणारी कधी कॉलेजातली पोरगी असते, कधी मांडीवर तान्हं घेतलेली सून, तर कधी निवृत्तीला वर्ष उरलेले शेजारचे काका. तिघांना एकच उत्तर कसं देणार? यूट्यूबवर मात्र सगळ्यांना एकच औषध: मशरूम लावा, मेणबत्त्या करा, महिन्याला पन्नास हजार कमवा.

मी नाशिकला सिडकोत राहते, एका खाजगी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. गेल्या पंचवीस वर्षांत पाच जोडधंदे करून झाले: शिकवण्या, पार्लर, चकलीची भाजणी, नवऱ्याच्या हौसेपायी शेळ्या आणि आता दुकानांचे हिशेब. त्यातले पार्लर आणि शेळ्या सपशेल बुडाल्या. तेच पार्लर पुढे आमच्याच गल्लीतल्या एकीने झकास चालवलं, म्हणजे धंद्यात खोट नव्हती. माझ्या तेव्हाच्या दिवसात तो बसत नव्हता. हे कळायला मला पैसेही गेले आणि वर्षंही गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून क्रमाने लिहिते.

१. आकडा लिहा

"चार पैसे मिळाले तर बरं" असं म्हणून सुरू केलेलं काम दोन महिन्यांत कंटाळवाणं होतं. वहीत स्पष्ट लिहा: महिन्याला किती हवेत, कशासाठी, कधीपर्यंत. लेकीच्या क्लासची फी भरायची असेल तर दोन वर्षं दरमहा ठरावीक रक्कम यायला हवी. हप्ता फेडायचा असेल तर एकही महिना कोरडा जाऊन चालणार नाही. नोकरीला कंटाळून पुढे पूर्णवेळ धंदा करायचा मनसुबा असेल, तर पहिलं वर्ष काही न मिळताही काढता येईल. यांची कामं वेगवेगळी. हंगामी काम हप्त्याला चालत नाही, हे साधं गणित मी दिवाळीच्या कमाईवर टीव्हीचा हप्ता घेतला तेव्हा शिकले. जानेवारीत हात चोळत बसले होते.

२. पंधरा दिवस वेळेची वही ठेवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

शाळेची दोनशे पानी वही घ्या. पंधरा दिवस रोज झोपताना लिहा: आज मला रिकामा वेळ कधी मिळाला, किती मिनिटं मिळाला, आणि मध्येच कोणी उठवलं का. फक्त एकूण तास मांडू नका. माझी मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा माझ्या वहीत दिवसाला चार तास निघायचे. चार तास म्हणजे रग्गड! म्हणून मी सहा महिन्यांचा पार्लरचा कोर्स केला, हायड्रॉलिक खुर्ची घेतली, हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावला. पण ते चार तास वीस-वीस, चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत होते. बाईच्या चेहऱ्यावर फेशियलचा पॅक लावलेला, आणि आत पोरगी रडत उठलेली. असं तीन-चारदा झालं की बाई परत येत नाही, आणि तिचंही काही चुकत नाही.

म्हणून वेळ चार प्रकारांत विभागा.

सलग वेळ: दीड-दोन तास कोणी हात लावणार नाही असा. शिकवणी, शिवण, पार्लर, फोटोग्राफी, तळणीचे पदार्थ यांना हाच लागतो.

तुकड्यांचा वेळ: मध्येच सोडून उठता येईल असा. भाजणं, निवडणं, पॅकिंग, विणकाम, लिहिलेलं तपासणं यांत बसतं.

तारखांचा वेळ: महिन्यातले ठरावीक दिवस मोकळे. हिशेबाची कामं.

हंगामी वेळ: मे महिना, दिवाळीआधीचे सहा आठवडे. फराळ, पापड-कुरडया, लोणची, आकाशकंदील, राख्या.

प्रत्येक तुकड्यापुढे आणखी एक खूण करा: तेव्हा अंगात जीव असतो का? रात्री अकराला माझा तासभर मोकळा असतो खरा, पण त्या वेळी मी बेरीजसुद्धा दोनदा चुकते.

३. तुमचा सध्याचा टप्पा कोणता?

शिकत असाल तर: तुमच्याकडे सलग संध्याकाळ असते आणि भांडवल शून्य असतं. पाचवी ते सातवीच्या शिकवण्या अजूनही सगळ्यांत बऱ्या. मी बीकॉमला असताना कॉलनीतली सहा मुलं घेतली होती, स्वतःच्या फीपुरते पैसे सुटायचे. डिलिव्हरीचं काम करणारे बरेच जण दिसतात. त्यात पेट्रोल, पंक्चर आणि ऑइल वजा करूनच हिशेब मांडा. परीक्षेच्या महिन्यात बंद ठेवता येईल असंच काम घ्या.

नुकती नोकरी लागली असेल आणि घरची जबाबदारी नसेल तर: शनिवार-रविवार तुमचे आहेत. चुकायला हेच वय बरं. फोटोग्राफी, व्हिडिओ एडिटिंग, एखाद्या दुकानाचं सोशल मीडियाचं काम, असं पुढे दर वाढवता येईल ते निवडा. शिफ्ट बदलत असेल तर मात्र ठरल्या वेळेचं काम घेऊ नका. माझा नवरा सातपूर एमआयडीसीत आहे. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. त्याने एकदा संध्याकाळचे इलेक्ट्रिकचे क्लास घेतले. तीन आठवड्यांत एकच आठवडा शिकवणार, मग मुलं कशाला थांबतील?

मूल लहान असेल तर: तुकड्यांचं काम. पार्लर बंद केल्यावर सासूबाईंनीच सुचवलं, "चकल्या नको करूस, भाजणी वीक." तेव्हा मला ते किरकोळ वाटलं होतं. चकलीची कढई एकदा चढवली की उठता येत नाही, आणि रांगतं मूल असलेल्या घरात उकळतं तेल नकोच. भाजणीचं तसं नाही. तांदूळ आज धुवून सावलीत सुकवायचे, हरभरा डाळ उद्या मंद आचेवर भाजायची, उडीद-मूग परवा. पोरगी उठली की गॅस बंद. राहिलेलं धान्य कुठे पळून जात नाही. फक्त गिरणीवाल्या काकांना सांगून ठेवायचं, "बाजरी-ज्वारीवर दळू नका, डाळीवर घाला." पीठ मिसळलं की चकली हलकी होत नाही आणि गिऱ्हाईक नाव आपल्याला ठेवतं.

मुलं शाळेत जाणारी, घरात कोणी आजारी, वय चाळिशीत: मराठी मध्यमवर्गातल्या बायांचा हा सगळ्यांत अवघड काळ, आणि याबद्दल कोणी लिहीत नाही. वेळ तर तुकड्यांचा असतोच, तो कधी हिरावला जाईल याचाही नेम नसतो. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी घरातून होणारं, पण आधी ठरलेल्या तारखांचं काम शोधलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमच्या भागातले छोटे दुकानदार गांगरले होते. मी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकले. दरमहा रिटर्न भरणाऱ्या दुकानाचा विक्रीचा तपशील पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि मुख्य विवरण २० तारखेपर्यंत जायचं असतं. रिटर्न सल्लागार भरतात, मी फक्त बिलांच्या नोंदी करते. एक तारखेला बिलांची पिशवी येते, आठ तारखेपर्यंत माझं काम संपतं. रुग्णालयात धावावं लागलं तर दोन दिवस पुढे-मागे करता येतात, एवढी फट त्यात आहे.

पन्नाशीपुढे किंवा निवृत्तीच्या तोंडावर: वेळ भरपूर, ओळखी भरपूर, गुडघे कमी. उभं राहण्याचं काम टाळा. बँकेतून निवृत्त झालेल्यांनी लोकांची कागदपत्रं लावून द्यावीत, शिक्षकांनी शिकवावं, मिस्त्रींनी देखरेख करावी. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचा पैसा यात घालू नका. हॉटेल काढायचा मोह याच वयात फार होतो, का कोण जाणे.

गावी शेती आहे पण तुम्ही शहरात: याबद्दल आमचा अनुभव कडू आहे. नवऱ्याने सिन्नरकडे, माझ्या माहेरच्या रानात, दहा उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड घेतला. कागदावर हिशेब सुंदर होता: गाभण काळ पाच महिने, जुळी करडं, वर्षाला एवढे बोकड. रोजचं बघणार माझा चुलतभाऊ, आम्ही दर रविवारी जाणार. पावसाळ्याआधी आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगाची लस टोचायची ती "पुढच्या रविवारी" करत राहिली, कारण नवऱ्याची शिफ्ट बदलली. जुलैत चार शेळ्या गेल्या. जनावराला रविवार नसतो. रोज स्वतः उठून गोठ्यात जाणारा घरचा माणूस नसेल तर शेळ्या, कोंबड्या, गाय यांच्या वाटेला जाऊ नका.

४. नोकरीत असाल तर आधी नियम वाचा

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. परवानगीशिवाय खाजगी धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. "बायकोच्या नावावर करतो" ही पळवाट वाटते तितकी सोपी नाही, कारण कुटुंबीयांचा धंदाही कळवावा लागतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खाजगी शिकवण्या घेण्याची मनाई आहे. मी शाळेच्या ऑफिसात असल्याने दुकानांचं काम घेण्याआधी व्यवस्थापनाला पत्र दिलं आणि पोच घेतली. दोन ओळींचं पत्र, पण झोप शांत लागते.

खाजगी कंपनीत असाल तर नेमणूकपत्रातलं बारीक अक्षर वाचा. २०२२ साली विप्रो या आयटी कंपनीने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवलं, ते आठवत असेल. दुसऱ्या ठिकाणी पगारी नोकरी केली आणि तिथेही पीएफ कापला गेला, तर तुमच्या पीएफच्या एकाच यूएएन क्रमांकावर दोन्ही नोकऱ्या दिसतात. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भावंडांनीही लक्षात ठेवावं: तिथे तुम्हाला फक्त तुमच्या व्हिसासाठी अर्ज केलेल्या मालकाचंच काम करता येतं, हौसेचं यूट्यूब चॅनेलही कमवायला लागलं की प्रश्न उभा राहतो.

५. भांडवल घालण्याआधी चाचणी

दोन कामं निवडा, तीन नको. प्रत्येकी चार आठवडे, खर्चाची मर्यादा तीन हजार. कर्ज काढून चाचणी करायची नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण ते चालू लागलेला धंदा वाढवायला घ्यावं, असं माझं मत. शिकायचं असेल तर प्रत्येक जिल्ह्यात बँकांनी चालवलेल्या आरसेटी संस्था आहेत. ग्रामीण भागातल्या तरुणांना शिवण, पार्लर, शेळीपालन असं प्रशिक्षण तिथे फुकट मिळतं, राहण्या-जेवणासकट. मी हजारो रुपये देऊन कोर्स केला, मला कोणी हे सांगितलं नव्हतं.

चाचणीत स्वतःची मजुरी मोजा. दहा किलो भाजणीचा हिशेब मांडून दाखवते. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव घाला.

तांदूळ २६५, हरभरा डाळ २४०, उडीद डाळ १७०, मूग डाळ ७५, धणे-जिरे ६०. वाणसामान झालं ८१०. १८० रुपये किलोने विकली तर १,८०० येतात. पहिल्यांदा मी इथेच थांबून ९९० नफा झाला म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते. मग गॅस ६०, दळण १००, पिशव्या आणि लेबलं ८० हे मिळवलं. खर्च १,०५०, उरले ७५०. आता तास: धुणं-भाजणं सहा, गिरणी एक, पॅकिंग दीड, आणि फोन, निरोप, पोचवणं दीड. दहा तास, म्हणजे तासाला ७५ रुपये. शेवटचा दीड तास कोणीच धरत नाही. "ताई, अर्धा किलो मिळेल का? खाली आणून द्याल का? सुटे नाहीत, नंतर देऊ का?" यातच तो जातो.

मग मी दोन गोष्टी केल्या. दर २२० केला आणि एक किलोपेक्षा कमी द्यायचं बंद केलं. तीन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली, तासाला ११५ पडू लागले. जाऊबाई म्हणाल्या, "ओळखीच्यांकडून एवढे घेतेस?" हो, घेते. ओळखीच्यांना फुकट द्यायचं असेल तर पाव किलो भेट म्हणून द्या, दर पाडू नका.

६. कागदपत्रं

आधी हे एका फाइलीत ठेवा: आधार, पॅन, आधारला जोडलेला मोबाइल (सगळे ओटीपी त्यावरच येतात, जुना नंबर असेल तर आधी तो बदला), पासपोर्ट आकाराचे फोटो, वीजबिल किंवा भाडेकरार, घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, आणि धंद्यापुरतं वेगळं बँक खातं. घरखर्चाच्या खात्यात धंद्याचे पैसे मिसळले की वर्षाअखेरीला काय सुटलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी हवी, घरगुती असलं तरी. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी चालत होती, फी वर्षाला १०० रुपये. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, १४ अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा. पहिली काही वर्षं मी नोंदणीशिवायच विकत होते, ते चुकलंच. आणि घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही. ऑर्डरी वाढल्या की व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, तो महाग पडतो, म्हणून दर ठरवताना तोच धरा.

उद्यम ही छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण फुकट आहे. गुगलवर शोधलं की वरच्या ओळींत सरकारीसारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट येतात आणि दोन-तीन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. शॉप अ‍ॅक्टसाठी, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्यासाठी, कामगार मोजके असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते.

जीएसटी आपल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या उलाढालीच्या वर लागतो. परराज्यात किंवा ऑनलाइन कंपन्यांमार्फत माल विकायचा असेल तर नियम वेगळे, आधी विचारून घ्या. प्राप्तिकराचं मात्र बऱ्याच पगारदारांचं चुकतं: धंद्याचं उत्पन्न आलं की 'सहज' फॉर्म चालत नाही, साधारणपणे 'सुगम' भरावा लागतो. रोजची जमा-खर्चाची वही असेल तर हे तासाभराचं काम आहे.

सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींना आधी चहाला बोलवा. तक्रार आल्यावर बोलावलेल्या चहाला चव नसते.

७. फसण्याच्या जागा

"माल आम्हीच परत घेऊ." हे वाक्य ऐकलं की उठा. आधी पिल्लं, रोपं किंवा मशीन तुमच्या गळ्यात मारायचं, ते बाजारभावाच्या कितीतरी पट दराने, आणि तयार माल आम्हीच विकत घेऊ असा करार करायचा. २०१२ च्या आसपास इमू या शहामृगासारख्या पक्ष्याचं असंच झालं. अंडी-पिल्लं विकणाऱ्यांचंच भलं झालं, मांस खाणारा गिऱ्हाईक कधी आलाच नाही. २०१९ साली सांगलीकडे कडकनाथ कोंबडीत तेच. कडकनाथ खरीच चांगली कोंबडी, मध्य प्रदेशातल्या झाबुआची, तिच्या मांसाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. तिचं काही चुकलं नाही, करार करणारे पळाले. परीक्षा सोपी आहे: तो माणूस उद्या नाहीसा झाला तर हा माल मी माझ्या गावच्या बाजारात कोणाला विकू? नाव सुचलं नाही तर पैसे देऊ नका.

टेलिग्रामवरची "टास्क": व्हिडिओला लाइक करा, पैसे मिळवा. पहिले शे-दोनशे खरोखर येतात, मग "मोठ्या टास्क"साठी तुम्हालाच भरायला लावतात. काम देणारा कधी पैसे मागत नाही. गेले असतील तर लाज धरून बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. आपलं बँक खातं "वापरायला" भाड्याने मागणाराही भेटेल. ती कमाई पोलिसांना दारात आणते. कॉलेजच्या मुलांना हे खास सांगा.

साखळी पद्धतीत, जिथे माल विकण्यापेक्षा माणसं जोडण्याचे पैसे मिळतात, तिथे नातीही जातात. आमच्या भिशीतल्या दोघी अजून बोलत नाहीत.

८. बंद करण्याची तारीख आधीच लिहा

पहिल्या पानावर लिहा: अमुक महिन्यापर्यंत अमुक रक्कम सुटली नाही तर बंद. पार्लरच्या वेळी मी हे लिहिलं नव्हतं, म्हणून "पुढच्या लग्नसराईत चालेल" म्हणत दीड वर्ष ओढलं. खुर्ची शेवटी घेतल्याच्या एक तृतीयांश किमतीला गेली.

टप्पा बदलला की वहीचे पंधरा दिवस पुन्हा करायचे. बाळंतपण, बदली, घरात आजारपण, मुलांची दहावी-बारावी, नवऱ्याची शिफ्ट, काहीही निमित्त पुरतं. लेक यंदा बारावीला आहे, म्हणून गेल्या महिन्यात मी पुन्हा वही घातली. पहाटे साडेपाच ते सात सलग वेळ निघाला, जो पूर्वी कधीच नव्हता, कारण ती उठून अभ्यासाला बसते आणि घर शांत असतं. सातपैकी दोन दुकानं मैत्रिणीकडे सोपवली, उरलेल्या पाचांची बिलं आता पहाटे करते. भाजणी यंदा फक्त वीस किलो, ती पण जुन्या गिऱ्हाइकांची. नव्या ऑर्डरी त्याच गल्लीतल्या पार्लरवालीच्या सुनेकडे पाठवते. तिचं मूल आठ महिन्यांचं आहे.